रूळ काढलेल्या वाटेने समुद्राकडे

लातूरला परत येऊन आठवडा झाला. कपडे धुऊन, इस्त्री होऊन कपाटात गेले. बॅगा माळ्यावर गेल्या. औषधांचा डबा पुन्हा भरून झाला. सायकल चालवताना घातलेल्या बुटांची माती मात्र मी अजून झटकलेली नाही. बूट दारामागे वर्तमानपत्रावर ठेवले आहेत. त्या मातीचा रंग मुखेडच्या जुन्या रस्त्यावरच्या मुरुमासारखा आहे, एवढंच कारण.

सम्यक, आर्या, ही सहल खरं म्हणजे तुमच्यासोबत व्हायची होती. माझ्या सत्तरीनिमित्त तुमच्या आईने मेलबर्नला बसून ती ठरवली. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, डोंगरातल्या ओलोत गावापासून भूमध्य समुद्रापर्यंत बारीक खडीची एक वाट जाते, तिच्यावर सायकलने जायचं. मोटारींना तिथे मज्जाव. मग तिची रजा फिसकटली, तुमच्या परीक्षा आडव्या आल्या आणि तिने फोनवर विचारलं, "आई, तुझ्यासोबत कोण येईल?"

मी म्हटलं, "वसंता."

"नक्की? वसंतामामा?" तिने दोनदा विचारलं. त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही वसंताआजोबांना पाहिलंत तेव्हा ते धडधाकट होते. वसंता माझा धाकटा भाऊ. मुखेडला पोस्टमन होता. आयुष्यभर सायकलवर खेडोपाडी टपाल वाटलं. निवृत्तीनंतर त्याला कंपवात झाला. हात थरथरतो, ते फारसं नाही. त्रास आहे तो चालण्याचा. उंबऱ्याशी आला, मोकळ्या जागेत आला की पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. घरात त्याचं बरं चालतं, कारण घरात शहाबादी फरशी आहे. एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर पाऊल टाकत तो स्वयंपाकघरापर्यंत नीट जातो. अंगणात मातीवर उतरला की थांबतो.

आणि सायकलवर बसला की काहीच होत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमचा विश्वास बसला नव्हता. चालता न येणारा माणूस सायकल चालवू शकतो म्हणे. काहींच्या बाबतीत तसं असतं. आठवडी बाजार उठल्यावर रिकाम्या मैदानात आम्ही त्याला बसवून पाहिलं. मी मागून कॅरियर धरलं होतं. तो दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "अक्का, तू कवाच सोडलं होतंस."

आमच्याकडे कर्नाटक-तेलंगणाची हद्द जवळ, म्हणून थोरली बहीण ती अक्का.

मी त्याला स्पेनचं विचारलं तेव्हा त्याने एकच प्रश्न केला, "तिथं समुद्र हाय का?"

"वाट समुद्रापाशीच संपते."

"मग येतो."

त्याची बायको सुमन चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "कामून? मुंबईचा समुद्र काय गोडा हाय का?"

"मुंबईत पाण्यापोतर सायकल जाऊ देतेत व्हय कुणी?"

या बोलण्यामागे जुनी गोष्ट आहे. लहानपणी आई-दादांबरोबर आम्ही एकदा दादरला चैत्यभूमीला गेलो होतो. रांगेतून समुद्र दिसत होता. वसंता पाण्याकडे ओढत होता आणि आईने त्याचं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. "हात सुटला तर एवढ्या गर्दीत कुठं हुडकू तुला? पुढच्या खेपंला जा." पुढची खेप आली नाही. नोकरी लागली, मग पोरींची लग्नं, मग दुखणं. समुद्रात पाय बुडवायचे राहिले ते राहिलेच. आणि आता पाय पुढच्या वर्षी कसे असतील, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

ओलोत

विमानांबद्दल काही लिहीत नाही. एवढंच की विमानतळांच्या गुळगुळीत, सांधे न दिसणाऱ्या फरश्यांवर वसंताला चाकाच्या खुर्चीवर बसवावं लागलं आणि तो सगळा वेळ गप्प होता.

ओलोतला पोचल्यावर मात्र तो बोलायला लागला. ओलोतच्या भोवती जुने, थंड झालेले ज्वालामुखी आहेत. तिथला दगड काळा, माती काळी. शेतांच्या बांधांना काळ्या दगडांच्या भिंती. वसंता भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "आपलाच दगड हाय की गं. हे लोक कवा घिऊन गेले?"

आमची वाटाडी नूरिया नावाची पन्नाशीची बाई होती. उन्हाने रापलेली, केस पोरासारखे कापलेले. तिचं इंग्रजी कामापुरतं आणि माझं शाळामास्तरणीचं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तिने सायकली दाखवल्या. त्यांना ते 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात: टायर रुंद, खडीवर न घसरणारे. आमच्या सायकलींना चढासाठी छोटी मोटरही होती. हे सगळं ती वसंताला समजावत होती, आणि नेमका तेव्हाच तो सायकलींच्या शेडच्या दारात अडकला. पाय जागच्या जागी थरथरत राहिले, पुढे पडेनात. नूरियाचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला घेतलं.

"बाई, मला कागदावर आजाराचं नाव दिलं होतं. पण हे तर चालू शकत नाहीत. रस्त्यात काही झालं तर?"

मी म्हटलं, "त्याला आधी सायकलवर बसू दे. मग बोलू."

आम्ही दोघींनी सायकल तिरकी करून दिली. वसंताने टांग टाकली, मी कॅरियर शोधायला हात मागे नेला, तर या सायकलींना कॅरियरच नसतं! सीट धरली. तो निघाला. शेडच्या अंगणात एक गोल, दुसरा गोल. मग नूरियाच्या अगदी जवळून तिला वळसा घालून त्याने घंटी वाजवली. पोस्टमनची घंटी, सलग तीनदा.

नूरिया म्हणाली, "उद्या सकाळी निघू. पण जिथे मला धोका वाटेल तिथे गाडी बोलावणार. कबूल?"

मी कबूल केलं. वसंताला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "तिला म्हनाव, बोलव की गाडी. सामान ठिवायला हुईल."

आमेर

या वाटेला ते लोक 'हिरवी वाट' म्हणतात. पूर्वी तिथे छोटी रेल्वे होती, अरुंद रुळांची. ती बंद पडल्यावर रूळ काढून टाकले, खडी दाबून बसवली आणि वाट सायकलींना दिली. जुनी स्टेशनं तशीच आहेत. कुठे खानावळ झाली आहे, कुठे नुसती घड्याळाची रिकामी गोल जागा.

मला आमच्या लातूरची छोटी गाडी आठवली. तीही अशीच अरुंद रुळांची होती, मिरजेला जायची. चढावर इतकी हळू चालायची, की माणसं उतरून चिंचा वेचून पुन्हा चढायची असं दादा सांगत. आपल्याकडे त्या रुळांच्या जागी मोठी रेल्वे आली, आणि ते बरंच झालं. पण एखादा तुकडा असा सायकलीला सोडला असता तर, असं त्या सावलीतून जाताना सारखं वाटत होतं.

सुरुवातीला एक चढ होता, मग सगळा उतार. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मध्येच शेत, शेतात खसखशीची तांबडी रानफुलं. मे महिना होता. मुखेडला त्याच दिवशी सुमनच्या म्हणण्याप्रमाणे "पत्र्यावर पापड भाजावा" असं ऊन होतं. इथे सावलीत अंगावर काटा येत होता. चाकाखाली खडीचा तो बारीक चरचर आवाज. डांबरी रस्त्यावर राहून आपण तो आवाज विसरूनच गेलो आहोत. माझी पहिली नेमणूक शिरूर अनंतपाळच्या शाळेत होती. एकदा तापाने पडले होते, तेव्हा वसंता मुखेडहून सायकलने धपाटे घेऊन आला होता. खोलीच्या दारावर थाप पडायच्या आधी मला बाहेरच्या मुरुमावर हाच आवाज ऐकू आला होता. आला तो भुवयांपर्यंत तांबडा झालेला. आईने दिलेले धपाटे मात्र फडक्यात गरमच असावेत असे मऊ होते.

अपघात झाला तो मला, वसंताला नाही. समोरून एक तरुण जोडपं येत होतं. मी आपली सवयीने डावीकडे वळले. तिथे उजवीकडून जायचं असतं. त्यामुळे मुलगाही त्याच बाजूला आला. मी सावरून आणखी डावीकडे, तो घाबरून आणखी त्याच बाजूला, आणि शेवटी मी काटेरी झुडपात. खरचटलं तेवढंच. मुलगी "सॉरी, सॉरी" म्हणत माझ्या बाहीतले काटे काढत होती. वसंता पुढे जाऊन थांबला होता. सायकलवरून न उतरताच एक पाय खडीवर टेकून हसत होता.

"इंग्लिशच्या बाई, रस्त्याची बाजू कुठली?"

"तू गप रे."

आमेर गावाला मोठा चौक आहे, चारी बाजूंनी कमानी. तिथे आम्ही जेवलो. त्या लोकांची रीत अशी, की भाजलेला पाव, एक टोमॅटो, लसणाची पाकळी आणि तेल असं वेगवेगळं आणून ठेवतात. आपण लसूण पावावर घासायचा, टोमॅटो अर्धा करून त्याचा रस चोळायचा, वर तेल. मी ते पुस्तकात वाचलं होतं. मी माझा पाव नीट चोळत असताना वसंताने काय करावं? टोमॅटो आणि लसूण बशीत घेऊन काचेच्या पेल्याच्या बुडाने ठेचले. वर माझ्या स्टीलच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी टाकली. मग म्हणाला, "अक्का, तिला कांदा माग."

नूरियाने कांदा आणवला. सोबत सुरी आली. वसंताने सुरी बाजूला सारली, कांदा टेबलावर ठेवला आणि बुक्की मारली. कांदा फुटून चार पाकळ्या झाल्या. त्याचा हात एरवी थरथरतो, पण बुक्कीला तो बिलकूल थरथरला नाही.

शेजारच्या टेबलावर पत्ते खेळणारे म्हातारे होते. त्यांचा खेळ थांबला. एकजण उठून आला, वसंताच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःसाठी कांदा मागवला. त्याची बुक्की कांद्याच्या कडेला बसली, कांदा उडाला तो थेट कमानीखाली. त्याचे सोबती त्याला काय बोलले ते नूरियाने सांगितलं नाही, पण वसंताला ते बरोबर कळलं.

"असंच बोलतेत," तो म्हणाला, "आपल्या पारावर बी."

नूरियाने चटणी चाखली. डोळ्यांत पाणी आलं, तिने पाण्याचा पेला संपवला आणि पुन्हा पाव त्यात बुडवला. त्यानंतर गाडी बोलावण्याचं ती बोलली नाही.

जिरोना

जिरोना हे मोठं, जुनं शहर. नदीच्या काठावर एकाला एक चिकटून उभी घरं: पिवळी, केशरी, विटकरी. संध्याकाळी त्यांच्या सावल्या पाण्यात. वसंताने पुलावर सायकल थांबवून बराच वेळ पाहिलं. नांदेडला गोदावरीच्या घाटावरची संध्याकाळ आठवली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "न्हाई. धोब्याची दोरी आठवली."

शहरात सायकली ठेवाव्या लागल्या, आणि खानावळ रस्त्याच्या पलीकडे. मला धास्ती होती. जुन्या गल्ल्यांत दगडांची फरसबंदी असल्याने तो बरा चालला. दगडाच्या सांध्यांवरून, घरी चालतो तसा. पण मोठा रस्ता आला तेव्हा मी त्याचा दंड धरायला गेले. त्याने माझा हात झटकला. समोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते. वसंता एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर असा ऐटीत गेला, जसा नवरदेव मांडवात जातो. दोन्हीकडच्या मोटारी थांबल्या होत्या. पलीकडे पोचून त्याने त्यांना नमस्कार केला.

नूरिया म्हणाली, "हे इथे चालतात, आणि शेडच्या दारात नाही?"

मी तिला फरशीचं सांगितलं. रेघ दिसली की त्याचा पाय उचलतो. रेघ ओलांडायची असते, म्हणून.

तिने विचार केला. मग हळूच म्हणाली, "बाई, समुद्रावर वाळू आहे. वाट जिथे संपते तिथून पाण्यापर्यंत नुसती वाळू. सायकल त्यात रुतते. मी चाकाची खुर्ची मागवू शकते, वाळूवर चालणारी. किंवा दोन माणसं उचलून नेतील."

मी ते वसंताला जेवताना सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"उचलून न्यायला म्या काय गोणी हाय का?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "म्हंजी यवढं येऊन लांबूनच बघायचा. पुन्हा रांगेतूनच."

मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. 

सांत फेलीऊ

शेवटचा दिवस सगळ्यात सुंदर होता आणि मला तो धड पाहता आला नाही. वाटेत बुचाच्या झाडांची जंगलं लागली. त्या झाडांची साल सोलून बाटल्यांची बुचं करतात. सोललेलं खोड तांबडंलाल दिसतं, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेल्या माणसाच्या पायासारखं. नूरिया सांगत होती की साल पुन्हा येते, पण तिला वर्षं द्यावी लागतात. मी मान डोलावत होते आणि मनात वाळूचा विचार करत होते. वसंता पुढे होता. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. पाठीमागून तो टपाल वाटायला निघाल्यासारखाच दिसत होता.

एका वळणानंतर वारा बदलला. ओलसर, खारट. वसंता न वळता ओरडला, "अक्का, आला!"

गाव ओलांडून वाट समुद्राच्या काठाने गेली आणि एका दगडी कट्ट्याशी संपली. खाली वाळू. वाळूच्या पलीकडे निळं पाणी, चकचकीत, अगदी आपल्या शाईच्या दौतीसारखं. माणसं तुरळक होती. आम्ही वसंताला सायकलवरून उतरवलं. कट्ट्याच्या तीन-चार रुंद पायऱ्या तो व्यवस्थित उतरला, बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि वाळूवर एक पाऊल टाकलं.

आणि थांबला.

पाय थरथरत राहिले. टाचा उचलत होत्या, बोटं वाळूतच. मी दंड धरला, "चल, मी आहे." काही उपयोग नाही. नूरियाने दुसरा दंड धरला. तो पुढे कलंडायला लागला, पण पाय येईना. तेव्हा त्याने दोघींचे हात सोडवले आणि हळूच पायरीवर बसला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "दिसून राहिला की हितून. लई मोठा हाय."

दोन मुली पाण्याच्या कडेला बसून वाळूत बोटाने काहीतरी रेखत होत्या. लाट आली की किंचाळून मागे सरत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. इतके दिवस मी फरशी, दगड, पट्टे यांचंच गणित मांडत होते आणि ते सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच आखून ठेवलेलं होतं. आमच्या लहानपणी मुखेडच्या गल्लीत कुणी काय आखून ठेवलं होतं? आम्हीच आखायचो. ठिकरीचा खेळ. मातीत काठीने घरं पाडायची, खापराचा तुकडा टाकायचा आणि रेघेला न शिवता घरं ओलांडत जायचं. घरं आखायचं काम माझं असे, कारण माझ्या रेघा सरळ येत. वसंता सगळ्यांत लहान. दोन्ही पायांनी उड्या मारायची सूट फक्त त्याला.

कट्ट्याशी लाटांनी फेकलेली एक वाळकी काठी पडली होती. मी ती उचलली. सत्तरीची बाई बूट काढून, सलवार दुमडून परदेशात वाळूत ठिकरीचा डाव मांडते आहे, हे लोकांना कसं दिसेल, असं क्षणभर मनात आलं. क्षणभरच. मी पायरीपासून सुरुवात केली. आडवी रेघ, वसंताच्या पावलाच्या अंतरावर दुसरी, मग तिसरी. वरची वाळू कोरडी होती, रेघा भुसभुशीत येत होत्या. म्हणून काठी खोल दाबत, मागे मागे सरत पाण्याच्या कडेपर्यंत गेले. तिथे वाळू ओली होती आणि रेघा पाटीवर काढाव्या तशा उठल्या. वाकून वाकून कंबर धरली होती.

वर पाहिलं तर वसंता पायरीवर उभा होता.

तो तिथूनच ओरडला, "अक्का, रेघंवर पाय पडला तर बाद का?"

"बाद!"

"दोन्ही पायानं चालतंय का?"

"तुला चालतंय."

त्याने पहिल्या रेघेकडे पाहिलं. पाऊल उचललं. पलीकडे पडलं. मग दुसरं. नूरिया त्याच्या बाजूने चालत होती, हात पुढे धरून पण त्याला न लावता. मध्यावर एका ठिकाणी रेघ ढासळली होती. तिथे तो अडखळला. नूरियाने झटकन आपला बूट काढून त्या जागी आडवा ठेवला. त्याने बूट ओलांडला. त्या दोन मुली उठून पाहत होत्या. धाकटी त्याच्या मागून, त्याने ओलांडलेल्या घरांतून, लंगडी घालत यायला लागली.

शेवटची घरं आली. मी पाण्यात घोट्यापर्यंत उभी होते, काठी हातात. त्याने शेवटच्या रेघेवरून पाऊल टाकलं आणि तेवढ्यात लाट आली, त्याच्या पावलांवरून गेली, पुढे वाळूवर चढून परतली. पाणी थंडगार होतं. त्याच्या तोंडून "हाऽऽ" असा आवाज निघाला, उन्हाळ्यात रांजणातलं पाणी अंगावर घेतल्यावर निघतो तसा.

मी हात पुढे केला. त्याने घेतला नाही. दोन्ही हात मोकळे सोडून तो उभा होता. पायाखालची वाळू सरकत होती आणि तो बोटं रुतवून तोल सांभाळत होता. दुसरी लाट आली. तिसरी. मी त्याच्या मागे पाहिलं तर पाण्याजवळच्या रेघा सपाट पुसून गेल्या होत्या.

"वसंता, रेघा गेल्या रे."

"जाऊ दे," तो म्हणाला. समोर पाहतच होता. "निवांत आख. आईला सांग, हात सुटला म्हनून."

मी काठी घेऊन वळले आणि परतीची घरं पाडायला घेतली. मुद्दामच हळूहळू.